अक्का, वेल्समध्ये मी तुमच्या तासाबद्दल बोलले

आदरणीय अक्कांना,
सप्रेम नमस्कार.

३१ मेला तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं, पण दोन वाक्यांतच गळा दाटून आला. बोलायचं सगळं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. तुम्ही कन्नडच्या शिक्षिका असलात तरी मराठीतच लिहितेय, कारण शाळेत येणारा मराठी पेपर माझ्याआधी तुमच्याच हातात असायचा.

परदेशी जायचं म्हणजे खात्याची परवानगी हवी, आणि ऑफिसच्या कन्नडपुढे माझं कन्नड तोकडं. वार्षिक परीक्षेच्या गडबडीत तुम्ही माझा अर्ज लिहून दिलात आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला सोबत आलात. "मराठी शाळेच्या बाई आहेत, त्यांना पाठवायलाच पाहिजे," असं साहेबांना कन्नडमधून ठणकावून सांगितलंत. तुम्ही नसतात तर शिक्षक-देवाणघेवाणीचा तो कागद माझ्या कपाटातच पडून राहिला असता.

आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी असते तेव्हा, ईस्टरनंतर, वेल्समधल्या शाळा चालू असतात. त्यामुळे रोज वर्गात बसायला मिळालं. अ‍ॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावाजवळची वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा होती. याच अ‍ॅबरिस्टविथमध्ये १९३९ साली वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, ती अवघ्या ७ मुलांवर! आपल्या खानापूर तालुक्यात पट घसरला की शाळा शेजारच्या गावात विलीन होणार या धास्तीत जून महिना जातो. त्या ७ मुलांबद्दल ऐकून मला केवढा धीर आला म्हणून सांगू. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ती एकाकडून दुसऱ्याकडे जायची आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार बसायचा. आज वेल्श बोलणारे २०२१च्या जनगणनेप्रमाणे १७.८ टक्के आहेत, आणि २०५०पर्यंत दहा लाख लोक ही भाषा बोलतील असं तिथल्या सरकारनं उद्दिष्ट ठेवलंय.

पण मला सांगायचंय ते लहान्यांच्या वर्गाबद्दल. चार-पाच वर्षांची मुलं, बरीचशी घरी इंग्रजी बोलणारी. बाई मात्र वेल्शशिवाय बोलत नाहीत, इंग्रजीचा तास साधारण सातव्या वर्षानंतर. बाहेर पाऊस लागला होता. मुलं कोट घालायला रांगेत उभी. बाई गुडघ्यावर बसून एकेकाच्या कोटाची चेन वर ओढत होत्या आणि प्रत्येकाला तेच एक वाक्य म्हणत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक मुलगी शेजारच्या मुलाची चेन ओढताना तेच वाक्य, त्याच सुरात म्हणाली. कुणी शिकवलं नव्हतं, पाठ करून घेतलं नव्हतं.

अक्का, मला तिथं तुम्ही दिसलात. सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध वाटताना ग्लास हातात देत "ओंदु, एरडु, मूरु" मोजणाऱ्या तुम्ही. हात धुतले का, घरी कोण आलंय, चप्पल कुठाय, हे सगळं पहिलीच्या पोरांशी कन्नडमधून, आणि एखादं रडायला लागलं की लगेच मराठीतून. तिकडे याचं रीतसर प्रशिक्षण देतात. तुम्ही ते वर्षानुवर्षं आमच्या मुलांसाठी करत आलात, एकही छडी न उगारता. शेवटच्या आठवड्यात तिथल्या शिक्षकांनी मला माझ्या शाळेबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा मी तुमच्याबद्दलच बोलले. मुलांच्या कोटाची चेन ओढणाऱ्या त्या बाई वहीत लिहून घेत होत्या.

१ नोव्हेंबरला तुमच्याकडे राज्योत्सव असतो आणि आमच्याकडे काळा दिवस. १९५६ला आपला हा मराठी भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासूनची ही सल आपण कधी झाकून ठेवली नाही आणि त्यावरून भांडलोही नाही. मराठी शाळा टिकलीच पाहिजे हे माझं म्हणणं आजही तितकंच ठाम आहे. आणि पटासाठी मी वाडीवाडीवर फिरायचे तेव्हा चिखल तुडवत माझ्याबरोबर यायची ती कन्नडची शिक्षिका! "पोरं पहिल्यांदा आईच्या भाषेत शिकू देत, कन्नडचं मी बघते," हे तुम्ही आयाबायांना सांगायचात. त्या शब्दावर कितीतरी पोरं आपल्या शाळेत आली. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

आता एक विनंती. फेब्रुवारीत तिकडे आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा त्या बाई आपल्या शाळेत येणार आहेत. त्यांना तुमच्या तासाला बसायचंय. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय, ते हो म्हणालेत. तेवढा आठवडा तुम्ही पहिलीचा वर्ग घ्याल ना? बैलहोंगलहून रोज ये-जा करू नका, राहायला माझ्याकडेच या. कळवा म्हणजे झालं.

तुमचीच,
खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेतली तुमची सहशिक्षिका