मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतील ‘सोप्या पद्धती’बाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : न विचारता बदललेला कळफलक, त्यामुळे दस्तात झालेली चूक आणि झालेले नुकसान.

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयासमोर गेली बावीस वर्षे टंकलेखनाचे केंद्र चालवते. खरेदीखते, हक्कसोडपत्रे, प्रतिज्ञापत्रे हे माझे रोजचे काम असून आपल्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना मी सलग नऊ वर्षे नूतनीकरण करून घेतला आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी संगणक सुरू केला, तेव्हा नवी आवृत्ती आपोआप बसलेली होती आणि मी वापरते त्या इनस्क्रिप्ट कळफलकाच्या (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असलेल्या मांडणीच्या) जागी, इंग्रजी अक्षरे दाबून मराठी शब्द सुचवणारी ‘सोपी पद्धत’ सुरू झालेली होती.

त्याच दिवशी एका खरेदीखताचे काम होते. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक शेतजमिनीच्या दस्तात ‘सदर मिळकतीस कोणीही कूळ नाही’ असे वाक्य असते, कारण १९४८ च्या कूळकायद्यामुळे जमिनीला कूळ (म्हणजे मालकाची जमीन कसणारा) असणे किंवा नसणे यावर सारा व्यवहार अवलंबून असतो. नव्या पद्धतीत ‘के-यू-एल’ दाबले की यादीत पहिला ‘कुल’, दुसरा ‘कूल’ आणि तिसरा ‘कूळ’ येतो, आणि स्पेस दाबताच पहिला शब्द न विचारता कागदावर बसतो. ‘कोणीही कुल नाही’ असे छापलेला अठरा पानी दस्त घेऊन पक्षकार समोरच्या कार्यालयात गेले, तेथे त्यांच्या वकिलांच्या लक्षात चूक आली, आणि पाने बदलून आणेपर्यंत त्यांची नोंदणीची वेळ टळली. मुंबईहून रजा काढून आलेल्या विक्रेत्याला परत यावे लागले. त्याच दस्तात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन ठिकाणी ‘शेतकर्यांना’ असा उमटला होता, हे मला घरी गेल्यावर दिसले. चूक माझ्या केंद्राची म्हणून मी पैसे घेतले नाहीत. परंतु ती माझ्या बोटांनी केलेली नव्हती.

सवय मोडली म्हणून ही बाई कुरकुरते आहे, असे आपणांस वाटू नये, म्हणून थोडे खोलात लिहिते. दस्त टंकताना माझी नजर पडद्यावर नसते, ती वकिलांच्या हाताच्या अक्षरातील कच्च्या मसुद्यावर असते. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ‘ल’ च्या कळीवर शिफ्ट धरले की ‘ळ’, ‘र’ च्या कळीवर शिफ्ट धरले की ‘ऱ’, आणि अक्षराचा पाय मोडायचा तर डाव्या हाताची एक ठरलेली कळ. जे दाबावे तेच उमटते, म्हणून बघावे लागत नाही. ही मांडणी कोणा एका कंपनीची नाही. ती १९९१ च्या भारतीय मानकात आहे, आणि माझा सारा सराव तीवरच झाला आहे. सुचवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक शब्दाला मान वर करून यादी वाचावी लागते. अशाने मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग राहत नाही, आणि मसुद्यातील ओळ हरवते ती वेगळीच.

तरीही ही पद्धत काढून टाका, असे मी म्हणत नाही. माझ्याकडे नुकतीच बारावी झालेली एक मुलगी कामाला लागली आहे. तिने पहिल्याच दिवशी या पद्धतीने रहिवासी दाखल्याचा अर्ज एकटीने टंकून दिला. इनस्क्रिप्टवर तिला तेवढ्यासाठी काही आठवडे बसावे लागले असते, आणि महिन्यातून एकदाच अर्ज लिहिणाऱ्याने कळफलक शिकावाच कशाला? पण जिला हेच काम वर्षानुवर्षे करायचे आहे तिला तीन महिने शिकण्याचे कष्ट परवडतात, आणि जिने ते आधीच घेतले आहेत तिचे ते कष्ट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या सेवा केंद्राला मी तीनदा दूरध्वनी केला. ‘थोड्या दिवसांत सवय होईल, आमचा व्हिडिओ बघा,’ असे उत्तर मिळाले. म्हणजे ज्यांना काही शिकावे लागू नये म्हणून बदल केला, त्याच बदलासाठी मी पुन्हा शिकायचे! इनस्क्रिप्ट निवडण्याची सोय सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली आहे, हे मला माझ्या भाच्याने शोधून दिले, आणि संगणक बंद करून सुरू केला की ती निवड पुसली जाते.

माझ्या मागण्या अशा आहेत : सॉफ्टवेअर बसवतानाच कळफलक विचारावा आणि तो वापरणाऱ्याने बदलेपर्यंत तसाच राहावा. सुचवलेला शब्द स्पेसने आपोआप स्वीकारला जाऊ नये. ज्याला तशी सोय हवी त्याने ती स्वतः सुरू करावी. नवी आवृत्ती मला विचारल्याशिवाय बसवू नये. आणि या वर्षाच्या शुल्कातील एक महिन्याची रक्कम परत मिळावी, कारण त्या महिन्यात मी आपले सॉफ्टवेअर बंद ठेवून दुसऱ्यावर काम केले.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणारी व्यक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार ग्राहकच ठरते, हे मला ठाऊक आहे. आयोगाकडे करायच्या अर्जांचे टंकलेखनही माझ्याच केंद्रात होते. चुकलेल्या पानांची प्रत आणि परवान्याची पावती सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
टंकलेखन केंद्र चालक व परवानाधारक