आवाहन : रुग्ण-कार्डं संपत आली आहेत

सप्रेम नमस्कार,

साथ सुरू झाली आहे आणि कपाटात रुग्ण-कार्डांचा (मेंदू-मज्जासंस्थेच्या रुग्णाची औषधं, त्यांच्या वेळा, काय टाळायचं आणि तो एरवी कसा असतो, हे दवाखान्यात एका नजरेत कळावं म्हणून उशाशी ठेवायचं कार्ड) शेवटचा गठ्ठा उरला आहे. घाईत लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

कार्डाची गोष्ट जुन्या सभासदांना पाठ आहे, तरी नव्यांसाठी सांगतो. आपल्या ताईंचे वडील पार्किन्सन्सचे (कंपवाताचे) रुग्ण. फ्लूने दाखल झाले, तेव्हा लेव्होडोपा, म्हणजे या आजाराचं मुख्य औषध, त्यांच्या वेळेला नाही, वॉर्डाच्या वेळेला मिळू लागली. दोन दिवसांत अंग ताठलं, गिळता येईना, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला. त्यात मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड दिलं गेलं, जे या आजारात टाळायचं असतं. ताप उतरला, पण बाबा पुन्हा स्वतःच्या पायांनी चालले नाहीत. ताई रडत बसल्या नाहीत. पहिली कार्डं त्यांनी हाताने लिहिली. पुढे छपाईचा सगळा भार मास्तरांनी उचलला, तोही ‘नाव छापाल तर पैसे परत घेईन’ या अटीवर. सिस्टर मावशींनी निवृत्तीनंतर एकेक औषध तपासून दिलं. आजही कार्डाचं नाव काढलं की त्या आधी चष्मा शोधतात. या तिघांचं ऋण कसं फेडायचं?

आणि गरज काय फक्त पार्किन्सन्सला आहे? तापाने फिट लवकर येते, त्यात गोळी चुकली तर विचारूच नका. पॅक्सलोव्हिड हे कोविडचं औषध फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन या फिटच्या गोळ्या चालू असताना देत नाहीत, म्हणजे फिटची गोळी कोणती हे पहिल्याच तासाला कळायला हवं. मायस्थेनियाच्या (स्नायूंची ताकद कमी करणाऱ्या आजाराच्या) रुग्णाला साध्या संसर्गाने श्वासाचा त्रास होऊ शकतो आणि काही प्रतिजैविकं त्यात भर घालतात. स्मृतिभ्रंश असलेल्या आजींना कधी ताप-खोकला दिसतच नाही, त्या एकदम असंबद्ध बोलू लागतात, आणि ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून दिलं जातं. त्या एरवी कशा बोलतात हे कार्डावर लिहिलेलं असेल, तरच डॉक्टरांना फरक कळणार. लहान मुलांचंही तेच. 2009च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेत दगावलेल्या ज्या 336 मुलांच्या पूर्वीच्या आजारांची नोंद मिळाली, त्यांतल्या 146 जणांना मेंदूचा किंवा मज्जासंस्थेचा विकार आधीपासून होता. हा आकडा मी मागच्या आवाहनातही दिला होता.

त्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे भरपूर आले. प्रत्यक्ष आली तीन माणसं, त्यातले एक खजिनदार. राग नाही, पण वाईट वाटलं. ज्यांच्या घरी कार्ड वेळेला उपयोगी पडलं, त्यांच्याकडून तरी थोडी जास्त अपेक्षा होती.

असो. हवं आहे ते असं : छपाईसाठी देणगी (खजिनदारांकडेच द्यावी, पावती मागून घ्यावी, वस्तुरूपात कार्डशीट चालेल); कार्डं लिहायला सुवाच्य अक्षराचे चार जण; दाखल रुग्णाजवळ पाळीपाळीने बसून औषधांच्या वेळा आणि गिळण्याकडे लक्ष ठेवणारे, दिवसा सहा नि रात्री चार (स्वतःला सर्दी-ताप असल्यास येऊ नये, फ्लूची लस घेतलेली असावी). नावं रविवारच्या बैठकीआधी माझ्याकडे.

आपला,
सचिव

ता. क. जुन्या कार्डावर औषधं बदलली असतील तर खाडाखोड करू नका, नवीन मागा. आणि कार्ड कपाटात नको, रुग्णाच्या उशाशी ठेवा.