आपलं नाव गेलं रे

प्रिय अव्या,

आपलं नाव गेलं. मंडळाच्या साइटचं डोमेन म्हणतोय मी, वेबसाइटचा पत्ता. तांबट लेनच्या काकूंचा फोन आला, म्हणे तुमच्या साइटवर रमीची जाहिरात कशी काय येते? उघडून बघितलं तर खरंच, वर आपलंच नाव आणि खाली तीन पत्ती. इथे कोणालाही सांगितलं की "दुसरं घे ना, त्यात काय" एवढंच म्हणतात, म्हणून तुला लिहितोय. त्या नावासाठी होळकर पुलावर उभं राहून आपण किती भांडलो होतो ते तुझ्याशिवाय कोणाला माहितीये?

झालं असं की ज्याने साइट बनवून दिली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर घेतलेलं. तो गेला परदेशात आणि रिन्युअलचे मेल तिकडेच पडत राहिले. डॉट कॉम मुदत संपल्या संपल्या जात नाही रे, आधी काही दिवस साध्या पैशात परत मिळतं, मग 30 दिवस दंड भरून सोडवता येतं, मग 5 दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि मग मोकळं. मोकळं झालं की टपून बसलेले उचलतात, कारण जुन्या नावावर लोक आपोआप येतात. एवढ्या दिवसांत त्याने एक फोन करायला हवा होता, मला राग त्याचाच आहे. दहीपुलापासून शनी चौकापर्यंत दुकानांवर आपली स्टिकरं आहेत अजून, पोरं लावलीत खरवडायला.

एक बरं झालं, तुझा तो मधला डॅश गेला. फोनवर पत्ता सांगताना "मधे आडवी रेघ, खालची नाही हो, मधली" हे मी किती वेळा सांगितलं असेल! तू म्हणायचास डॅशने नाव वाचायला सोपं जातं. वाचायला जात असेल, पण आपल्याकडे पत्ता वाचतं कोण, ऐकतात सगळे. आता माझी एकच परीक्षा आहे, मालेगाव स्टँडच्या गोंगाटात फोनवर एकदा सांगितलं तर समोरच्याला बरोबर टाइप करता आलं पाहिजे.

त्यात "नाशिक" आलं की पंचाईत. शहराच्या स्पेलिंगमध्ये एच आहे, नाशिकरोड स्टेशनच्या इंग्रजी पाटीवर नाही, म्हणजे दोन्ही घ्या आणि एकावरून दुसऱ्यावर वळवा. "गंगा" तर नकोच. आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, गंगेवर जाऊन येतो म्हणतो, ते आपल्यापुरतं, शोधणाऱ्याला हरिद्वार-काशीच दिसणार. मला दुतोंड्या हवंय, आपल्या गोदाकाठच्या दोन तोंडांच्या मारुतीवरून, पुढे डॉट इन. पूर आला की गावातलं प्रत्येक माणूस पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हेच विचारतं, 2016 च्या ऑगस्टात तू तिकडून तेच विचारत होतास ना? आणि साइटवर आपण देणार काय, तर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, आज नळाला पाणी किती वाजता, तिवंध्याची रहाड, रंगपंचमीचा रंगाचा हौद, कधी उघडणार. मंग्या म्हणतो लोक आपल्याला दुतोंडी म्हणतील. म्हणू देत, तो मंग्या आहे.

डॉट भारतही विचारात आहे, पूर्ण देवनागरी, 2014 पासून मिळतं. मला मनापासून आवडतं, पण लोक "ड्या" अर्धा ड काढून लिहितील का "डया" असं, काय सांगावं? आणि काही ॲपमध्ये लिंक पाठवली की आपलं नाव दिसतच नाही, एक्स एन डॅश डॅश करून भलतीच अक्षरं येतात, लोकांना व्हायरस वाटतो. म्हणून घेऊन ठेवायचं, पण फ्लेक्सवर डॉट इनच.

आता खरी काळजी. आपल्या भागातल्या एका भावी नगरसेवकाने निरोप पाठवलाय, डोमेन मी घेऊन देतो, फ्लेक्सही माझे, फक्त कोपऱ्यात फोटो. आणि नाव सिंहस्थाचं ठेवा, 2027 ला लाखो लोक येणार. मंडळातली निम्मी पोरं एका पायावर तयार आहेत. अरे पण ते लोक स्नान करून परत जाणार आणि पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी! नळाला पाणी आपल्याला रोज लागतं. आणि नाव त्यांच्या खात्यात म्हणजे परत तेच, उद्या तिकीट कापलं गेलं की साइट कोणाची? डोमेन विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतं, आणि ज्याच्या नावावर पावती तोच भाडेकरू. मी म्हणतोय मंडळाच्या नावावर घ्या, पासवर्ड तिघांकडे, खात्याला मेल दुसरीकडचा द्या (त्याच डोमेनवरचा दिला तर डोमेन बंद पडलं की आठवणीचे मेल पण बंद), आणि वर्गणी काढून एकदम 10 वर्षांचे पैसे भरा, त्याहून जास्त भरताच येत नाहीत. पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला भुलायचं नाही, रिन्युअलचा आकडा आधी बघायचा.

प्रचाराला फ्लेक्स लागतच नाही असं माझं मत आहे. दूध केंद्र, मिसळीच्या टेबलांवर छोटा क्यूआर, सावाना वाचनालयात एक कागद, आणि प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पाण्याच्या वेळेची एकच लिंक. क्यूआरमध्ये थेट आपलाच पत्ता हवा, ते फुकटवाले मधल्या लिंकचे कोड देतात आणि प्लॅन संपला की कोड मेला.

आईचा गुडघा ठीक, माझी शुगर आहे तशी. तुझं नवीन ऑफिस कसंय, पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार सांग.

मीटिंग रविवारी संध्याकाळी आहे. तू फोनवर ये. पोरं माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, तू लांब आहेस म्हणून असेल. दुतोंड्या पटत नसेल तर तसंही सांग, दुसरं नाव सुचव, पण पावती मंडळाच्या नावावर एवढं मात्र ठासून बोल. आणि डॅशचा विषय काढलास तर फोन ठेवून देईन.

तुझा,
बाळ्या