क्रॅनबेरीतला कापूस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत क्रॅनबेरी या आंबट लाल परदेशी फळाच्या औषधी गुणांवरचा लेख वाचला. बाकी ठीक, पण ‘थंड हवेमुळे या फळाला रोग नाही, त्यामुळे फवारणीही नाही’ हे वाक्य खटकलं. आम्ही द्राक्षवाले असलं काही वाचलं की आधी हसतो, मग चिडतो.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतात. त्या देशातली निम्म्याहून जास्त क्रॅनबेरी या एकाच राज्यात पिकते. गेल्या हंगामात तिथे होतो, तेव्हा जावईबापूंनी वॉरेन्स गावाजवळची एक बाग दाखवली. मांडव नाही, ओळी नाहीत. वेल जमिनीसरशी गच्च पसरलेला. मालकाने काढणीच्या मालातलं एक फळ उचललं. हाताला टणक, रंग पिवळट, सालीवर फिके पट्टे. चाकूने आडवं कापलं तर आत पांढरा कापूस! क्रॅनबेरीच्या पोटात चार पोकळ कप्पे असतात, त्यातल्या हवेवरच ती पाण्यात तरंगते. हे चारही कप्पे बुरशीने भरले होते. मोनिलिनिया ऑक्सिकोसी हे तिचं नाव. तिथले शेतकरी या रोगाला ‘कॉटनबॉल’ म्हणतात.

असं फळ गळून सुकतं, काळं पडतं आणि वेलाखाली बर्फाचा अख्खा हिवाळा काढतं. वसंतात त्यातून बारीक तपकिरी पेले उगवतात आणि बीजाणू वाऱ्यावर सुटतात. ते नुकत्या फुटलेल्या कोंबांवर बसतात. काही आठवड्यांनी शेंडे वाळतात, त्यांवर दुसऱ्या प्रकारच्या बीजाणूंची भुकटी धरते, आणि नेमकी तेव्हाच बाग फुलायला लागलेली असते! मग ही भुकटी फुलाच्या कुक्षीवर पडते आणि परागकण ज्या वाटेने आत उतरतो त्याच वाटेने बुरशी फळात शिरते. बाहेर काही दिसत नाही. महिनोन्‌महिने फळ चांगलंच वाटतं. पिकायच्या वेळी बाकीची लाल होतात तेव्हा हे वेगळं ओळखू येतं. तोवर औषध मारून काही उपयोग नसतो.

म्हणूनच तिथे फवारणी होते ती दोन नाजूक वेळी, कोंब फुटताना आणि फुलोऱ्यात. औषध प्रोपिकोनॅझोलसारखं, म्हणजे द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या रोगासाठी आपण वापरतो त्याच ट्रायाझोल नावाच्या बुरशीनाशकांच्या गटातलं. वर फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या बागेत ठेवलेल्या, त्यांना जपून हे सगळं करायचं. आता सांगा, फवारणी नाही कुठे?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आपल्या कृषी पानावर ‘अमुक दिवशी अमुक औषध, लिटरला इतके मिली’ एवढंच येतं. बुरशी हंगाम नसताना कुठे मुक्काम ठोकते, हे कोणी लिहीत नाही. द्राक्षावरचा करपा हाही बुरशीचाच रोग, तो जुन्या काडीवर दबा धरून बसतो. छाटलेल्या काड्या बागेतच पडू दिल्या की पावसात तो नव्या फुटीवर येतो. एवढं नीट सांगितलं तरी कितीतरी जण काड्या बाहेर काढतील. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला बाटली विकायची असते.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी डाउनी (केवडा), भुरी आणि करपा या रोगांच्या जीवनचक्रावर चित्रांसह तीन लेख छापावेत, ही विनंती. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना लिहायला सांगा. आणि क्रॅनबेरीबद्दलचं ते वाक्य तेवढं दुरुस्त करा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक