साकीनाक्याच्या पॉलिशवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. खैराणी रोडच्या आतल्या गल्लीतला गाळा, दारात नळाच्या तोट्यांचे क्रेट, आणि आत पांढऱ्या धुळीत बफिंगच्या मोटरपाशी बसलेले तुम्ही. एवढ्या खुणेवरून कोणी ओळखलं तर तुम्हाला वाचून दाखवावं.

सायकलच्या घंटीला काल रात्री शेवटचा हात मारला. आत्ता ती टेबलावर आहे आणि छताच्या पंख्याची तिन्ही पाती तिच्यात मोजता येतात.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सायकल वरळीच्या कारखान्यातली हिंद. त्या कंपनीचं 1980 साली सरकारने राष्ट्रीयीकरण केलं, आता ती सायकल कुठे बनत नाही. अण्णा तिच्यावरून गिरणीत तिसऱ्या पाळीला जायचे. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला, गिरणीची वाट बंद झाली, आणि त्याच सायकलवरून ते पहाटे लादीपाव टाकू लागले. आम्ही त्या पावावर शिकलो. आता अण्णांचं चालणं खोलीपुरतं उरलंय. गॅलरीत उभी असलेली सायकल खिडकीतून दिसते, ती बघत बसतात. पावसाळ्यामागून पावसाळे खाऊन हँडल लाल झालं होतं आणि घंटी काळी पडली होती. ती पुन्हा चमकलेली त्यांनी बघावी, एवढंच मला हवं होतं.

तुमच्याआधी दोन ठिकाणी गेले होते. पहिल्या दुकानात मोबाइलवरची नजर न काढता सांगितलं, 'भंगारात द्या, ताई.' दुसऱ्यांनी हँडल दीड महिना ठेवून घेतलं, माझे फोन उचलले नाहीत, आणि शेवटी परत दिलं ते एका बाजूला चार बोटं ग्राइंडर फिरवून. क्रोम गेलेलं, खालचा पिवळसर थर उघडा पडलेला. वर म्हणाले, 'जुना माल असाच निघतो.' त्या दिवशी घरी अण्णांच्या नजरेसमोरून हँडल चादरीत लपवून नेलं. तो राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मग कोणीतरी साकीनाक्याला जा म्हणालं. तेच चादरीत गुंडाळलेलं हँडल घेऊन परळहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. तुमच्या दारात उभी राहिले तेव्हा मशीनच्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू येईना. मी ओरडून दोन वाक्यं बोलले. तुम्ही वर पाहिलंत, हात मागे नेलात आणि मशीन बंद केलंत.

काका, आभार त्याचे आहेत. नगावर पैसे मिळवणारा माणूस, दारात क्रेट पडलेले, मोटर थांबली की कमाई थांबली. तरी ती थांबेपर्यंत तुम्ही थांबलात, फडक्याला हात पुसलेत आणि म्हणालात, 'आता बोला ताई.' गाळ्यात एकदम शांत झालं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकायला बसलं होतं. मला रडू आलं ते तुम्हाला दिसलं असणार. तुम्ही हँडलकडे बघत राहिलात.

अंगठ्याचं नख त्या उघड्या जागेच्या कडेवरून फिरवलंत. 'क्रोम मायक्रॉनभरसुद्धा नसतं हो, ह्याला पॉलिश पेपर लावायचाच नसतो. खाली निकेल शाबूत आहे, राहू द्या.' ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल एक वावगा शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. गंजावर उपाय काय, तर चपात्या गुंडाळायची फॉइल पाण्यात बुडवून घासायची. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. मला ते खरंच वाटेना. घरी पहिल्या पाच मिनिटांत लाल पाणी ओघळलं आणि खालून पांढरं शुभ्र हँडल वर आलं.

घंटी पितळी, तिला मी चिंच-मीठ लावून झालं होतं, पितांबरीही झाली होती. 'त्याने डाग जातो, रेघ जात नाही,' तुम्ही म्हणालात. चमक वरून लावायची नसते, रेघा बारीक होत गेल्या की ती आपली येते. 400 नंबर उभा, 600 आडवा, असं 2000 पर्यंत पाण्यात भिजवून, आणि मागच्या नंबरची एक जरी रेघ दिसली तरी पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. मग ब्रासो, पितळेचं पॉलिश. तुमच्या मशीनवर ते काम पाच मिनिटांचं होतं, मला चार रात्री लागल्या. पण तुम्ही म्हणालात, 'वडिलांची आहे ना, मग तुम्हीच करा,' आणि पेपर हातभर कापून, पाठीवर पेन्सिलीने मोठे आकडे घालून दिलेत. पेपरचे तीस रुपये तेवढे घेतलेत.

वर मेण लावायला सांगितलंत, ह्या खाऱ्या हवेत पितळ पुन्हा काळवंडतं म्हणून. मी जिना उतरले तर मागून हाक मारलीत, 'रिमच्या आत लावू नका हं, तिथे ब्रेकचं रबर धरतं.' ती सायकल आता कोणी चालवणार नाही हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तरी तुम्हाला ते सांगावंसं वाटलं. ह्या शहरात माणसं घाईत आहेत हे मलाही कळतं, मीही घाईतच असते. पण समोरच्याची वस्तू हातात घेण्याआधी हात पुसणारी माणसं अजून गाळ्यागाळ्यांतून बसलेली आहेत, आणि त्यांच्या दारावर पाटीसुद्धा नसते.

सकाळी घंटी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी आधी वाजवली, मग बघितली. 'पाववाला आला,' म्हणाले.

चेनव्हील अजून राहिलंय. पेडलचे दांडे धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना गंजून बसल्यात, रोज तेल सोडतेय. सुटल्या की घेऊन येते. ह्या वेळी मशीन बंद करू नका, तुमचा क्रेट संपेपर्यंत मी बाहेर थांबेन.

तुमची,
परळची घंटीवाली ताई