लेखनकक्षाच्या उन्हाळी वेळा आणि १ मेची बैठक

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असल्यामुळे, धरमपेठेतील आपला सामायिक लेखनकक्ष १ मेपासून सकाळी ६.३० ते ११.३० आणि सायंकाळी ५ ते ९ या वेळेतच उघडा राहील. हातातले प्रकरण संपत आले असले, तरी दुपारी कोणीही थांबू नये.

कूलरविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, म्हणून समोरची खिडकी उघडी असेल तरच त्याचा उपयोग होतो. गेल्या वर्षी खिडकी बंद राहिल्याने खोलीत दमटपणा साचला, कपाटातील दिवाळी अंकांची पाने फुगली आणि एका सभासदाच्या शाईने लिहिलेल्या कवितेच्या ओळी पसरून गेल्या. त्या पुन्हा जुळविता आल्या नाहीत, याचे आजही वाईट वाटते.

म्हणून कृपया लक्षात ठेवावे:

• खिडकी बंद करू नये आणि हस्तलिखिते कूलरच्या झोतात ठेवू नयेत.
• सकाळी प्रथम येणाऱ्याने टाकीत पाणी भरावे.
• फोनवर व्हरांड्यातच बोलावे.

१ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, सकाळी ७ वाजता कक्षातच वाचन-बैठक होईल. प्रत्येकाने चालू लेखनातील दोन पाने वाचावीत. लेखन वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत असल्यास ते प्रमाण मराठीत न बदलता जसेच्या तसे वाचावे, ही आग्रहाची विनंती. खुर्च्या मोजक्याच असल्याने येणाऱ्यांनी २८ एप्रिलपर्यंत दाराजवळच्या फळ्यावर नाव लिहावे.

– कक्ष व्यवस्था समिती