पायताण पायात घातल्याशिवाय कळत नाही

कोल्हापूर,
१४ जून २०२०

प्रिय भावा,

परवा तुझा फोन आला तेव्हा आपल्या चपलांच्या दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, म्हणून घाईत ठेवला. कोरोनाच्या लॉकडाऊनमुळं अडीच महिन्यांनी दोन गिऱ्हाईकं म्हणजे काय, तुला सांगायला नको. आज रविवार, निवांत लिहायला बसलोय.

तू विचारलंस, सगळं उघडल्यावर कोल्हापूर पहिल्यासारखं होईल का? रस्ते होतील रे. महाद्वार रोडला आत्ताच गाडी लावायला जागा मिळेना झालीय. मिसळ पार्सल मिळते, पण परत कट मागायचा नसेल तर ती मिसळ कसली! गंगावेशीत म्हशीखाली धरलेला दुधाचा पेला बादलीत विसळून पुढच्याच्या हातात जायचा. तो पेला आता कोण बिनधास्त तोंडाला लावेल? उद्या १५ जून, पण शाळेची घंटा नाही. धाकटी फोनवर शाळा करणार, आणि घरात फोन एकच.

अंबाबाईचं देऊळ अजून बंद आहे. आमचं निम्मं गिऱ्हाईक दर्शन घेऊन बाहेर पडणारं, त्यामुळं दुकान उघडलं तरी धंदा उघडलेला नाही. पण मला खरी काळजी वेगळीच लागलीय.

परवाच्या त्या दोन गिऱ्हाइकांतल्या एकानं सांगितलं, चप्पल तिथं ठेवा आणि मागं सरा. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, नियमच तसा आहे. पण कोल्हापुरी अशी विकता येते का? गिऱ्हाइकाचा पाय हातात धरायचा, अंगठा कुठं रुततोय, चपलेचा बाजूचा कान कुठं घासतोय ते बोटानं चाचपायचं, मग तेलाचा हात फिरवून पट्टा जरा सैल करून द्यायचा. पहिले चार दिवस चावते, नंतर कातडं पायाचा आकार घेतं. त्यानं लांबूनच पाय घातला, म्हणाला टोचतंय, आणि गेला. मी तेलाची वाटी हातात घेऊन तसाच उभा.

संध्याकाळी सुभाषनगरात काकांकडं गेलो. तू ओळखतोस, आपली कापशी, म्हणजे कापशी घाटाची कोल्हापुरी, करणारे. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराईचा सगळा माल, तो करून ठेवलेला तसाच पडून होता. गेल्या वर्षीच कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला म्हणून सगळे खुशीत होते. आता काकूंनी चपलांची कातड्याची वेणी घालायचं थांबवलंय, कातडं आणायला पैसा नाही. मी दारातच थबकलो, मास्क सारखा केला. काका म्हणाले, "ये की आत. लांब हुबं ऱ्हायची सवय आमच्या आज्याला हुती. तुला कवापासून लागली?"

भावा, मला रात्री झोप लागली नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं, तिथला चहा स्वतः सगळ्यांसमक्ष घेतला, त्या गावात अंतर हा शब्द साधा नाही. आजारापायी पाळायचं ते पाळू, मीही पाळतोय. पण आजार गेल्यावर हे अंगवळणी पडून राहिलं तर? कामाच्या माणसाला बाहेरूनच पाणी, त्याचा कप वेगळा, हे आत्ताच काही घरांत सुरू झालंय. औषध येईल तेव्हा येईल, पण हे मोडायला आपणच लागणार.

आणि पाऊस. गेल्या ऑगस्टचा पूर तू फोटोत बघितलास, आम्ही तो गळ्यापर्यंत बघितला. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. तेव्हा शाळेच्या एका वर्गात आम्ही तीसेक जण अंगाला अंग लावून झोपलो होतो, आणि त्याच उबेवर तगलो. यंदा पाणी चढलं तर तीस माणसं कुठं आणि कशी झोपवायची? दुकानातला माल मी आत्ताच माळ्यावर चढवलाय.

काकांना मी दहा जोडांचे पैसे आगाऊ दिले. ते नको म्हणत होते. पुण्यातल्या तुझ्या ऑफिसवाल्यांना फोटो पाठवतो, बघ कुणाला हवी असेल तर. माप मात्र कागदावर पाय ठेवून, पेन्सिलीनं रेघ मारून पाठवायला सांग, नुसता नंबर चालत नाही.

जिल्ह्याबाहेर यायला पास लागतोय तोवर येऊ नकोस, आईंना जप. पण सुटलास की तडक इकडं. तुझी नऊ नंबरची जुनी कापशी टाकू नकोस, घेऊन ये. वेणी उसवली असेल तर काका शिवून देतील, त्यांनी परवाच विचारलं होतं.

तुझाच,
कोल्हापूरचा भाऊ